दुपारी बारा वाजता सुरू होणारा दिवस

कागदावर ५७ टक्के असं लिहिलं होतं. त्याखाली तीस दिवसांचे तीस उभे खांब. सतरा हिरवे, तेरा लाल. लाल खांब म्हणजे ज्या दिवशी मशीन चार तासांपेक्षा कमी वापरलं, तो दिवस.

"काका, रोज मास्क लावून झोपायचं ठरलं होतं ना आपलं?" मशीन भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा मुलगा बाबांना म्हणाला. वयानं माझ्याएवढाच असेल. "सत्तर टक्के तरी व्हायला पाहिजे. नाहीतर एवढं भाडं भरून उपयोग काय?"

"रोज लावतो," बाबा म्हणाले.

त्यानं कागद त्यांच्यासमोर सरकवला. "मशीन खोटं बोलत नाही, काका."

बाबा पुढे काही बोलले नाहीत. पनवेलहून निघालो तो चौक येईपर्यंत टेम्पोत कोणी तोंड उघडलं नाही. मग मीच विचारलं, "बाबा, खरंच रोज लावता ना?" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गिअर बदलला.

तो प्रश्न मला अजून खुपतो. मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. दरवर्षी अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात पोरांना सांगते, कागद हातात आला की लगेच खरा मानायचा नाही. आधी विचारायचं, हा कोणी लिहिला? कशासाठी? कोणाला दाखवायला? आणि यात काय आलेलं नाही? मग ती बखर असो, नाहीतर इंग्रज कलेक्टरचा रिपोर्ट. स्वतःच्या बापाची गोष्ट आली तेव्हा मात्र मी यातलं काहीच विचारलं नाही. छापील आहे, रंगीत आहे, टक्केवारी आहे, म्हणजे खरंच असणार, असं धरून चालले.

नंतर विचारलं. हा लेख त्या एका कागदाचा इतिहास आहे.

आई मोजायची

आमचा टेम्पो आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांची भाजी बाबा वाशीच्या मार्केटला पोहोचवतात. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, अशा आठवड्यातून तीन रात्री. संध्याकाळपासून गावोगावचा माल भरायचा, मध्यरात्रीनंतर कर्जत-चौक रस्त्यानं हायवेला लागायचं आणि पनवेलवरून वाशी गाठायची. माल उतरला की रिकामे क्रेट घेऊन परत. सकाळी नऊला घरी, आंघोळ, नाश्ता आणि मग झोप. बाकीच्या चार रात्री माणसासारखी अकराला झोप.

त्यांच्या घोरण्यावर आमच्या घरात कायम विनोद व्हायचे. पाहुणे मुक्कामाला आले की सकाळी विचारायचे, "रात्री पिठाची गिरण चालू होती का?" आपल्याकडे घोरणं हा विनोदाचाच विषय आहे. लहानपणी रामायणाच्या गोष्टीत सगळ्यात जास्त हसू यायचं ते कुंभकर्णाला उठवायला ढोल-ताशे आणतात तिथं. एवढा झोपणारा माणूस दिवसासुद्धा का झोपतो, हे कोणी विचारत नाही. आळशी असेल, खादाड असेल, झालं.

दोन वर्षांपूर्वी वाशीहून परत येताना चौकच्या अलीकडे बाबांचा टेम्पो रस्ता सोडून शेताच्या बांधावर चढला. गाडीत रिकामे क्रेट होते, वेग कमी होता, पायाला खरचटण्यावर भागलं. "डोळा लागला," एवढंच ते म्हणाले. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली, "यांचा रात्री झोपेत मधेच आवाज बंद होतो. श्वासच बंद होतो. मी मोजत बसते. तीस-पस्तीसपर्यंत गेलं की हलवते."

किती वर्षं मोजत होतीस, विचारलं, तर म्हणाली, "तू दहावीत होतीस तेव्हापासून."

डॉक्टरांनी बाबांना चार प्रश्न विचारले आणि आईला दहा. या आजारात ते साहजिकच आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. छाती हलत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, मोठा घुरका येतो, वाट उघडते आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की तो एक प्रसंग धरतात. श्वास पूर्ण न थांबता बराच कमी झाला तरी तोही मोजतात. तासाला असे सरासरी किती प्रसंग, तो आकडा म्हणजे एएचआय. पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर म्हणजे तीव्र. बाबांचा आला ४१. तासाला ४१ वेळा, म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा. असा माणूस आठ तास पडून राहिला तरी झोपतो किती?

पाहिलं नाही, म्हणून दिसलं नाही

हा आजार नवा नाही, त्याची नोंद नवी आहे. चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्यानं छापून आली. तिच्यात जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे, तो काम करता करता, उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. वाचक हसले. त्यानंतर १२० वर्षांनी, १९५६ मध्ये, अमेरिकेत बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णावर निबंध लिहिला आणि त्या अवस्थेला याच कादंबरीवरून 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं. त्यांचा रुग्ण पत्ते खेळताना झोपला होता. हातात तीन एक्के आणि दोन राजे, म्हणजे जिंकण्याचा डाव, आणि हा झोपलेला! तेव्हा तो स्वतःहून हॉस्पिटलात आला.

पण त्या डॉक्टरांनीही त्याला दिवसाच तपासलं. वजन, रक्त, फुप्फुसं, सगळं पाहिलं, रात्र मात्र राहिली. रात्रभर शेजारी यंत्र लावून झोपलेल्या माणसाचा श्वास कागदावर उतरवण्याचं काम १९६५ मध्ये झालं, तेही जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी: फ्रान्समध्ये मार्सेला गास्तो आणि त्यांचे सहकारी, जर्मनीत युंग आणि कूलो. तेव्हा कुठे दिसलं, की दिवसाच्या झोपेचं कारण रात्री आहे. श्वास थांबतोय, शेकडो वेळा. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला ख्रिस्तियान गिय्यमिनो यांनी या सगळ्याला स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम हे नाव रूढ केलं.

ती नोंद किती अवजड होती याचा मी एकदा हिशेब केला. झोपेचा आलेख काढणाऱ्या यंत्रात कागद सेकंदाला १० मिलिमीटर सरकतो असं धरलं, तर आठ तासांच्या रात्रीला २८८ मीटर कागद लागतो. तीस सेकंदांचं एक पान धरून एका रात्रीची ९६० पानं. कोणीतरी बसून प्रत्येक पानावर पेन्सिलीनं खुणा करायच्या. एका माणसाच्या एका झोपेचं एवढं मोठं दफ्तर! त्यामुळे ते मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या बाहेर पडणं शक्यच नव्हतं.

आपल्याकडचा महत्त्वाचा अभ्यास मुंबईतला आहे, २००४ साली छापलेला. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली आणि त्यातल्या २५० जणांची झोप त्यांच्या घरी यंत्र पाठवून तपासली. १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेत श्वास अडखळत होता. त्याच्याबरोबर दिवसाही झोप येणारे, म्हणजे ज्याला आजार म्हणावं असे, ७.५ टक्के निघाले. कर्जत लोकलचा डबा डोळ्यासमोर आणा. सकाळी खिडकीला डोकं टेकून मान टाकलेले लोक. सगळेच काही आजारी नाहीत, पहाटे चारला उठून दोन-अडीच तासांचा प्रवास करणारा माणूस झोपणारच. पण त्यातला कोण नुसता दमलाय आणि कोणाचा श्वास रात्री अडकतोय, हे बघून कळत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा बातम्यांत कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया हे शब्द आले. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांनी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

हवेचा आधार आणि चार तासांचा नियम

१९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडणं. दिवसा बंद करायचं, रात्री उघडायचं. त्या वर्षी जूनमध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन या डॉक्टरकडे एक रुग्ण होता, त्याला ते ऑपरेशन नको होतं. सलिव्हननी वेगळाच प्रयोग केला. व्हॅक्युम क्लीनरसारखी मोटर उलटी वापरली. ओढण्याऐवजी हवा सोडायची, नळीतून नाकात, रात्रभर, हलक्या दाबानं. घशाची सैल झालेली वाट हवेच्या आधारानं उघडी राहते, तंबूत हवा भरली की कापड पडत नाही तशी. मास्क त्या माणसाच्या नाकाचा साचा काढून बनवलेला आणि रोज रात्री चिकटवायचा. तो माणूस त्या रात्री झोपला. १९८१ मध्ये 'लॅन्सेट' मासिकात पाच रुग्णांवरचा निबंध आला. आज आमच्या पलंगाशेजारी जे सीपॅप मशीन आहे, ते त्या मोटरचं नातवंड.

इथपर्यंतचा इतिहास बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. मला हवा होता पुढचा. मशीन हवा देतं ते समजलं. पण ते लिहून का ठेवतं? आणि तो 'चार तास, सत्तर टक्के' हा नियम आला कुठून?

तो सापडला १९९३ च्या एका निबंधात. अमेरिकेत क्रिब्स आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांना मशीन दिली. मशीनच्या आत एक छोटं उपकरण बसवलेलं होतं, ते प्रत्येक मिनिटाला मास्कमधला दाब नोंदवायचं. रुग्णांना हे माहीत नव्हतं. त्यांना विचारलं तेव्हा ६० टक्के म्हणाले, आम्ही रोज रात्री वापरतो. उपकरणाचं म्हणणं वेगळं होतं. नियमित वापर म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी त्या निबंधात एक व्याख्या केली होती: ७० टक्के दिवशी किमान ४ तास. त्यात ३५ पैकी १६ जणच बसले.

पुढे अमेरिकेतल्या सरकारी विमा योजनेनं, मेडिकेअरनं, मशीनचे पैसे द्यायला जवळजवळ हीच अट घातली. तिथून ती मशीनच्या रिपोर्टमध्ये शिरली आणि रिपोर्ट जगभर गेला. चार तासांत आजार बरा होतो म्हणून तो आकडा आलेला नाही. लोक प्रत्यक्षात कसं वागतात ते मोजायला आखलेली ती रेघ होती, पुढे तिची परीक्षा झाली. आणि त्या परीक्षेत पनवेलच्या एका काउंटरवर, विम्याचा काहीही संबंध नसताना, कर्जतचा एक टेम्पोवाला नापास झाला.

हे वाचल्यावर मला त्या कागदाचा सूर कळला. ही नोंद मुळात रुग्ण खोटं बोलतोय का ते पाहायला जन्मली. "मशीन खोटं बोलत नाही" या वाक्याचा दुसरा अर्धा भाग न बोलता त्यात आहेच: तुम्ही बोलता.

दिवस नेमका कधी बदलतो?

मशीनच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, त्याच्यामागे एसडी कार्ड. त्यावर प्रत्येक श्वास असतो. कंपनीच्या कागदावर येतात ते नुसते खांब.

हे कार्ड घरी वाचता येतं, याचं श्रेय काही स्वयंसेवकांना जातं. २०११ मध्ये मार्क वॉटकिन्स या ऑस्ट्रेलियन माणसानं 'स्लीपीहेड' नावाचं फुकट सॉफ्टवेअर बनवलं. २०१९ मध्ये त्यांनी काम थांबवलं, पण त्याची रचना सगळ्यांसाठी खुली होती, म्हणून दुसऱ्यांनी ते पुढे नेलं आणि 'ऑस्कर' या नावानं चालू ठेवलं. ते फोनवर चालत नाही, लॅपटॉप लागतो. कार्ड लॅपटॉपला लावण्याआधी त्याच्या कडेचं लॉकचं बटण सरकवायचं, म्हणजे चुकून त्यावर काही लिहिलं जात नाही. वाचून झालं की लॉक काढून परत मशीनमध्ये.

रविवारी दुपारी मी बसले. पहिला लाल खांब सोमवारचा. उघडला. मशीन चालू सकाळी ९.३०, बंद दुपारी १२.००. अडीच तास. मी मनात म्हटलं, बाबा अडीच तासांत मास्क काढून टाकतात तर.

मग मंगळवार उघडला. मशीन चालू दुपारी १२.००, बंद २.००. आणि पुन्हा रात्री ११ ते पहाटे ५. एकूण आठ तास, हिरवा खांब.

बुधवार: सकाळी ९.३० ते १२.००. लाल. गुरुवार: १२.०० ते २.००, मग रात्रीचे सहा तास. हिरवा.

कोणता माणूस रोज बरोबर बाराच्या ठोक्याला मास्क काढेल आणि त्याच ठोक्याला परत लावेल?

आमच्या मशीनचा दिवस दुपारी बारा वाजता सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संपतो. त्यामागे कारण आहे. दिवस मध्यरात्री बदलला, तर अकराला झोपणाऱ्या माणसाची एकच झोप दोन तारखांत चिरली जाईल. म्हणून चिरायची जागा अशी निवडली, की तेव्हा कोणीच झोपलेलं नसेल. दुपारचे बारा.

ही युक्ती जुनी आहे. खगोलशास्त्रज्ञ १९२४ च्या अखेरपर्यंत असाच दिवस वापरायचे, दुपारी सुरू होणारा, म्हणजे एका रात्रीची सगळी निरीक्षणं एकाच तारखेखाली राहतात. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून आजीच्या हिशेबात पहाटे तीनला जन्मलेलं मूल आदल्या वाराचं. सरकारी तारीख मध्यरात्री बदलते. दिवस कुठे कापायचा हे ज्यानं त्यानं आपल्या कामाप्रमाणे ठरवलेलं असतं. ज्याचं काम वेगळं, त्याचा दिवस मग भलत्याच ठिकाणी कापला जातो.

सोमवारी रात्री बाबा वाशीला जातात. मंगळवारी सकाळी साडेनऊला झोपतात, दोनला उठतात. साडेचार तासांची एकच झोप. मशीन तिचे अडीच तास सोमवारच्या खात्यात टाकतं आणि दोन तास मंगळवारच्या. आठवड्यातून तीन फेऱ्या, तीन लाल खांब. सातातले चार हिरवे म्हणजे ५७ टक्के. मी कागदावर तीसही झोपा वेगळ्या मांडल्या, दिवस विसरून, मास्क लावला तिथपासून काढला तिथपर्यंत. चार तासांपेक्षा कमी एकही नव्हती.

रोज लावतो म्हणाले होते. रोजच लावत होते.

मी लॅपटॉप घेऊन ओटीवर गेले आणि त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन मिनिटं पाहिलं. "म्हणजे बारा वाजता त्याचा वार बदलतो होय," म्हणाले. मग म्हणाले, "मला आधी विचारायचंस." एवढंच.

रेघा कुठे तुटतात

त्यानंतर मी दर रविवारी कार्ड वाचायला लागले. वाचता वाचता त्यात बाबांखेरीज बरंच काही दिसायला लागलं.

पावसाळ्यात रात्रीच्या रेघेत भोकं पडतात. २.४० ला बंद, ३.१५ ला चालू. बाबांनी मास्क काढलेला नाही, लाइट गेलेली आहे. गंमत अशी, की वीज आमच्याच तालुक्यांतली जुनी गोष्ट. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी नळांतून घाटाखाली आणून खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. ती वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले ते याच भागात. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर त्यांना वीरमरण आलं. शाळेत हे सगळं पाठ केलेलं. पण वीज कुठे तयार होते आणि कोणाकडे आधी पोहोचते, हा प्रश्न बाबांच्या श्वासाच्या आलेखात भोक होऊन येईल असं वाटलं नव्हतं. आता मशीन इन्व्हर्टरवर घेतलं आहे.

दुसरं दिसलं लीकचं. मास्क आणि चेहरा यांच्या फटीतून निसटणारी हवा. ती वाढली की मशीनला श्वास नीट कळत नाही, मग एएचआयचा आकडाही भरवशाचा राहत नाही. कारण निघालं बाबांची मिशी. मिशीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. शेवटी नाकपुड्यांपाशी बसणारा वेगळा मास्क घेतला, लीक उतरलं.

आणि तिसरं, घरच्या आकड्याची मर्यादा. स्लीप स्टडीत आकडा काढतात तेव्हा मेंदूच्या लहरींवरून माणूस खरंच झोपलाय का ते कळतं. मशीनला ते कळत नाही. मास्क लावून माणूस छताकडे बघत पडला तरी ते तास धरले जातात. आमचा आकडा आता ३-४ असतो. तो चांगला आहे, पण तो मशीनचा अंदाज आहे. आणि कितीही आलेख वाचता आले तरी दाबाच्या सेटिंगला आपण हात लावायचा नाही. ते डॉक्टरांचं काम.

कोविडच्या वेळी घरोघरी ऑक्सिमीटर आले तेव्हा आम्ही सगळेच बोटावरचा आकडा वाचायला शिकलो. त्या उपकरणामागची कल्पना १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांची. ते गेले एप्रिल २०२०मध्ये, त्यांची कल्पना आमच्या आशाताईंच्या पिशवीत येत होती त्याच सुमारास. तेव्हा ९४ आणि ९३ यांमध्ये माणसं हादरायची. आकडा घरी आला की भीतीही घरी येते. म्हणून तो कसा वाचायचा, हेही घरीच यायला हवं.

कार्डात नसलेलं

माझा तक्ता घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कंपनीचा कागद आणि माझा कागद शेजारी ठेवले आणि हसले. "बरोबर आहे, चूक मशीनच्या दिवसाची आहे." बाबा माझ्याकडे बघून जरा ताठ बसले. मग डॉक्टरांनी माझ्याच कागदावर बोट ठेवलं. "पण हे काय? साडेचार तास?"

मी तो आकडा बाबांना निर्दोष ठरवायला वापरला होता. चारपेक्षा जास्त, म्हणजे पास. डॉक्टरांना त्यात एक माणूस दिसला, जो आठवड्यातून तीन रात्री जागा राहून गाडी चालवतो आणि नंतर साडेचार तास झोपतो. "मास्क वाट मोकळी ठेवतो. झोपायला वेळ तुम्हीच द्यायला हवा." त्यांनी आणखी विचारलं, "वाशीला माल उतरेपर्यंत काय करता?"

"केबिनमध्ये पडतो तासभर."

"मास्क?"

बाबा गप्प. तो तास कुठल्याच कार्डात नाही. तिथं मशीन नाही, आई नाही, मीही नाही.

घरी चार दिवस वाद झाला. एक फेरी सोडली की पैसे जातात आणि गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे जातात. शेवटी बुधवारची फेरी माझा चुलतभाऊ करतो, त्याला त्याचा वाटा द्यावा लागतो. सोमवार-शुक्रवार बाबाच जातात. पहाटे परत निघण्याआधी आईला फोन करतात. डुलकी आली असेल तर ते खरं सांगतात, असं आई म्हणते.

भाजीच्या हिशेबाच्या वहीत त्यांनी मागच्या बाजूनं स्वतःची नोंद सुरू केली आहे. झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, लाइट गेली का, वाशीला डोळा लागला का. त्यांचा दिवस वाशीला निघताना सुरू होतो. दर रविवारी मी कार्ड आणि वही शेजारी ठेवते. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे आधी त्यांना विचारते.

आई मात्र अजून रात्री दोन-अडीचला उठते. इतकी वर्षं आवाज थांबला की जाग यायची, आता आवाजच नसतो, तरी येते. मी तिला म्हटलं, "तुझीही तपासणी करून घेऊ या."

"मला काय झालंय? मी काय घोरते?"

"घोरतेस की," बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर झोपलेले असता."

गेल्या रविवारी वही उघडली. शनिवारच्या नोंदीखाली बाबांच्या अक्षरात एक जास्तीची ओळ होती: 'ही घोरत होती, रात्री २.२०. मधे आवाज थांबला. मोजले १८.'

गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. दोघांची.